जे घडले त्याला काय म्हणायचे

प्रिय मित्रा,

"फार काही झाले नव्हते, कपड्यांवरूनच होते, शिवाय मी ओरडलोही नाही, मग त्याला अत्याचार म्हणावे का?" असे तू विचारतोस. तेरा वर्षांच्या मुलाला नात्यातल्या प्रौढ माणसाने, घर झोपलेले असताना, लैंगिक हेतूने हात लावला, तर तो लैंगिक अत्याचारच होय. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेला त्वचेचा थेट स्पर्श झाला नाही, या कारणावरून एका आरोपीला पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम ८ मधून (लैंगिक हल्ल्याच्या शिक्षेचे कलम) मुक्त केले होते. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि महत्त्व लैंगिक हेतूला आहे, असे सांगितले. तू मात्र इतकी वर्षे हेतू त्याचा आणि उलटतपासणी स्वतःची, असा खटला मनात चालवत आला आहेस.

त्या उलटतपासणीतला सर्वांत जाचक प्रश्न म्हणजे "मी गप्प का पडून राहिलो?" भीतीच्या क्षणी शरीर प्रतिकार करते किंवा पळते, हे आपण ऐकलेले असते, पण पुष्कळदा ते थिजते, आवाज फुटत नाही, आणि यांतले काय व्हावे हे कोणी ठरवू शकत नाही, मग झोपेतून दचकून जागे झालेले मूल कसे ठरवणार? तू आडून लिहिलेली गोष्ट मी सरळ लिहितो: स्पर्शाला शरीराने आपोआप दिलेला प्रतिसाद ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. ती संमती नव्हे, आणि तिच्यावरून तुझा लैंगिक कलही ठरत नाही.

"मुलग्यांच्या बाबतीत असे कुठे होते?" हा समज तर निव्वळ चुकीचा आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचे सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे अधिक होते. पॉक्सोही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

तक्रार करायचीच असे माझे म्हणणे नाही. करावीशी वाटली तर उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, कारण अशा तक्रारीला कालमर्यादा नसल्याचे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. रात्री फारच घुसमट झाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आईला सांगशील तेव्हा ती कदाचित आधी "तेव्हाच का नाही बोललास?" असे म्हणेल. तो अविश्वास असेलच असे नाही, बहुधा तिचा स्वतःवरचाच राग असेल. "तेव्हा बोलता आले नाही, आता बोलतो आहे" एवढे उत्तर पुरे.

घरातल्या लग्नात त्या नातेवाइकाच्या पाया पडावे लागेल, याची तुला धास्ती आहे. पडू नकोस, आणि कारणही देऊ नकोस. मुक्कामाला न राहता परत ये. मात्र त्या घरी आणखी एखादे लहान मूल त्याच्या खोलीत झोपणार असेल, तर आईशी लग्नाआधीच बोलणे बरे. एकट्याने जमणार नसेल, तर मी शेजारी बसेन.

तुझा,
सर