घरातल्या कोणत्या वस्तू चाकूने कापायला सगळ्यात अवघड?

तुम्ही विचारलंय की रोजच्या वापरातल्या कोणत्या वस्तू चाकूला दाद देत नाहीत, आणि का. मी नागपुरात इतवारीत चाकू, कात्र्या, विळ्या, सरोत्यांना धार लावून देतो. आधी वडील करायचे, आता २२ वर्षं मी करतोय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: जुना टायर आणि नायलॉनचा मांजा. काच, फरशी, करवंटी या सगळ्यांचा नंबर त्यांच्यानंतर.

काच आणि फरशीचं लगेच उरकतो. कठीणपणा मोजायची मोस नावाची १ ते १० अशी पट्टी आहे. साध्या चाकूचं पोलाद त्यावर साडेपाच-सहाच्या आसपास येतं, खिडकीची काचही साडेपाचच्या आसपास, आणि विट्रिफाइड फरशी सहा-सातच्या घरात. त्यामुळे फरशीवर चाकू ओढला की झिजतो चाकूच. पण काच मुळात कोणी कापत नाही. काचवाला हिऱ्याने एक रेघ ओढतो, रेघेच्या खालून ठोका देतो आणि काच त्या रेघेवर आपोआप तडकते. करवंटीचंही तसंच, ती फोडायची असते. जे तडकतं त्याच्यावर उपाय सापडतो.

टणक असून न तडकणाऱ्या वस्तूंसाठी आपल्या घरात वेगळी हत्यारं आहेत, आणि ती फार विचार करून घडवलेली आहेत. सुपारी घ्या. इकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटणाऱ्यांकडे दिवसभर सुपारी लागते, त्यामुळे माझ्याकडे सरोते (पुण्याकडे अडकित्ता म्हणतात) नेहमी येतात. चाकूखाली सुपारी गोल फिरते आणि पातं बोटावर येतं. सरोता तिला दोन्हीकडून धरतो, आणि लांब दांड्यांमुळे हाताचा जोर कितीतरी पट वाढतो. लाल भोपळा आणि सुरण यांची अडचण वेगळी. धार आत सहज शिरते, पण मागचं जाड पातं दोन्ही बाजूंनी आवळलं जातं आणि अर्ध्यात अडकतं. तिथे विळी कामाची, कारण पातं जागेवर पक्कं असतं आणि दोन्ही हात भोपळा रेटायला मोकळे राहतात. अडकलेला चाकू मात्र कधीही पिळून काढू नका. माझ्याकडे दाते पडलेले जे चाकू येतात, त्यातले बरेचसे असेच पिळल्याने गेलेले असतात.

काही वस्तू कापल्या जातात, पण धार खाऊन टाकतात. एक काकू परवा चाकू घेऊन आल्या, "भाऊ, याले काय झालं पाहा बरं, टमाटर बी कापत नाही." भिंगाखाली धरला तर धारेवर एकही दाता नव्हता, पण सगळी धार गोल होऊन चकाकत होती. विचारलं तर घरात ऑनलाइन सामानाचे खोके त्याच चाकूने उघडतात. खोक्याच्या पुठ्ठ्यात माती आणि बारीक कच असते. चांगली धार एखाद्या मायक्रॉनची, आपल्या केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याहून बारीक. तिला ही कच पुरते. बांबू आणि तणसातही सिलिका असते, म्हणून बुरडाचा कोयता लवकर बोथट होतो. तरी बुरूड बांबू उभा चिरतो तेव्हा तो एका ठोक्यात पेरापर्यंत उकलतो. त्याचा सगळा घाम आडव्या कापात जातो.

आता टायर. माझ्या शेजारी चपला शिवणारे एक काका बसतात. तळासाठी ते जुना टायर कापतात आणि रापीला (चामडं कापायच्या पात्याला) माझ्याकडून धार लावून घेतात. एकदा मी स्वतः कोरड्या चाकूने करून पाहिलं. पातं नखभर आत गेलं आणि थांबलं, वर जाईना की खाली. रबर दबतं, ताणतं, आणि कापलं गेलं की दोन्ही अंगांनी पात्याला चिकटून बसतं. काका रापी साबणाच्या पाण्यात बुडवतात, टायर गुडघ्यावर वाकवून काप उघडा ठेवतात आणि लांब ओढ मारतात. मग तेच रबर सरसर कापलं जातं. पण रेडियल टायरच्या आत पोलादी तारांची जाळी असते आणि रिमला बसणाऱ्या कडेत तारांचा जाड वेढा. तिथे चाकूचं काम संपलं. म्हणून काका जुने नायलॉनचे टायर शोधतात आणि कडा टाकून देतात.

धागा त्याहून वाईट. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली शोधलेल्या केवलार या कृत्रिम धाग्याचे हातमोजे हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारे घालतात. त्याचे तंतू ताकदीचे तर असतातच, शिवाय धारेखाली सरकतात. सैल धागा चाकूला टेकूच देत नाही. नायलॉनचा मांजा असाच. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर बंदी घातली, तरी संक्रांतीला आमच्या गल्लीत तो दिसतोच.

मागच्या जानेवारीत दुकानासमोरच्या कडुनिंबाला एक बगळा उलटा लटकला होता. शिडी लावून वर गेलो, खिशात नुकताच लावलेला चाकू होता, केस कापेल असा. मांजा पंखात सात-आठ वेढे रुतलेला. चाकूने कापायचा तर ताणावा लागतो, आणि ताणला की तो आणखी आत जातो. सैल सोडला तर धारेवरून नुसता घसरतो. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बगळा ओरडला. शेवटी खालून पोराने नेलकटर वर दिलं. त्याला दोन जबडे असतात, मांजा ताणायची गरज पडली नाही. एकेक वेढा चिमटीत धरून तोडला, त्यात माझ्या अंगठ्याला मांजाच कापून गेला. बगळ्याला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला) नेऊन दिलं. तेव्हापासून १ जानेवारीला गाडीच्या डिकीत लहान कात्री टाकून ठेवतो. तुम्हीही ठेवा, चाकू नको.