गेम संपला, आता हा असा का बसलाय?

"मॅडम, दोन महिने ओरडत होते की तो गेम बंद कर. आता संपलाय, तर चार दिवस कॉम्प्युटरला हात लावत नाही. जेवायला बसतो आणि ताटाकडे बघत राहतो. रात्री रडत होता. व्यसन सुटताना होतं तसं काही आहे का हे?"

वीस वर्षांचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच झालेली. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) समुपदेशनासाठी आई आणि मुलगा माझ्यासमोर शेजारी बसले होते. मी त्याला विचारलं, "झोपतोस किती वाजता?" उत्तर आईने दिलं. "कुठला गेम?" आईच बोलली, "ते तलवारींचं काहीतरी." तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

गेमबद्दल मुलांना घेऊन येणारे बहुतेक पालक तासांचा हिशेब घेऊन येतात. तो मीही घेते. इथे गेममधल्या घड्याळात 140 तास होते, म्हणजे दोन महिन्यांत रोज सव्वादोन-अडीच तास. परीक्षा दिली होती, मित्रांकडे जाणं सुटलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं. पण त्यात नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण बारा महिने चाललंय, असं चित्र लागतं. या मुलात ते नव्हतं.

मग मी त्याला विचारलं, "शेवट काय झाला रे?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. गेम होता 'द विचर 3: वाइल्ड हंट'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने 2015 मध्ये आणलेला, मालिकेतला तिसरा भाग. राक्षस मारून पोट भरणारा गेराल्ट आणि त्याने मुलीसारखी वाढवलेली सिरी. गेमचा बराच भाग तो तिला शोधत असतो. ती सापडते, आणि पुढे शेवटी जगावर येणारी हिमलाट थोपवायला ती एकटी जाते. ती परत येते की नाही, हे लढाया किती जिंकल्या यावर ठरत नाही. मधल्या काही साध्या प्रसंगांत आपण तिच्याशी कसे वागलो, त्यावर ठरतं.

"आजोबांसारखा म्हातारा वारल्यावर ती खचते. तेव्हा तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचं असतं. मी म्हटलं, सगळंच तुला जमलं पाहिजे असं नाही. धीरच दिला ना मी? मग चेटकिणींच्या मंडळाला भेटायला ती निघते, तर मी म्हटलं, मी पण येतो. ती चिडून एकाची प्रयोगशाळा फोडायला निघते, मी म्हटलं शांत हो. सगळं तिच्या भल्यासाठीच केलं, मॅडम. ती परत आलीच नाही. गेराल्ट दलदलीतल्या एका झोपडीत तिने गळ्यात घातलेलं पदक घेऊन बसतो आणि बाहेरून राक्षस येत राहतात. संपलं."

त्याचा आवाज भरून आला. ते खोटं नव्हतं. 140 तासांच्या खेळात जिला शोधलं, जपलं तिचं काय झालं, हे सोसायला चार दिवस लागले तर त्यात मला आजार दिसत नाही. गोष्टीत इतकं गुंतता येणं हा मी चांगला गुण मानते. तरी विचारायचं ते विचारलंच, सरळ शब्दांत: जगू नये असं वाटतंय का? "नाही हो, तसलं काही नाही." आईला मी सांगितलं, ताई, उदासी दोन आठवड्यांपुढे रोजची झाली, किंवा झोप, भूक, कॉलेज यातलं काही मोडायला लागलं, तर थांबू नका, लगेच या. जगण्यामरण्याचं काही बोलला, तर दोन आठवडेही मोजायचे नाहीत.

मग मी त्याला पुढचं विचारलं, "या सुट्टीत आता काय करायचंय?"

आईने श्वास घेतला, ओठ उघडले आणि मिटले. पर्सची चेन अर्ध्यापर्यंत ओढली, परत मागे सरकवली. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी तो म्हणाला की मित्राबरोबर सायकलवरून कोकणात जायचंय, पण घरी विचारलेलं नाही. "का?" "आई म्हणेल, बाबांना गाडी घेऊन मागे पाठवते."

आईने रुमाल काढला. मी काही बोलले नाही. इथे समुपदेशकाने तोंड उघडलं की जागं झालेलं झोपी जातं, असा माझा अनुभव आहे.

तीन आठवड्यांनी तो एकटा आला, बसने. चेहरा उन्हाने रापलेला. कोकणात दोघंच गेले होते. आईने रोज रात्री एक फोन ठरवून घेतला होता, तो त्याने पाळला. गेमही पुन्हा काढला होता, म्हाताऱ्याच्या मृत्यूच्या आधी जपून ठेवलेल्या टप्प्यापासून (सेव्हपासून). बाजूला खुर्ची ओढून आई बसली होती म्हणे, सिरी कुठली ते तिला दाखवायला लागलं.

"बर्फाचे गोळे फेकलेस का या वेळी?" मी विचारलं.

"फेकले," तो हसला. "तीच जिंकली."