मूळ चिनी मालिका की तिचा रीमेक: आधी काय पाहावे?

तुम्ही विचारले आहे की 'मून लव्हर्स' ही 2016 ची कोरियन मालिका पाहून झाल्यावर तिची मूळ चिनी मालिका 'स्कार्लेट हार्ट' पाहण्यात काही हशील आहे का, आणि एकंदरीतच रीमेक मूळ कलाकृतीपेक्षा कमअस्सल असतात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: अवश्य पाहा. दुसऱ्याचे उत्तर 'नेहमीच नाही' असे आहे, पण ते नीट द्यायचे तर थोडे विस्ताराने लिहावे लागेल. पुढे कथानकांचे तपशील आणि शेवटही येतील, त्यामुळे ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबावे.

रीमेकची चर्चा बहुतेक वेळा नायक कोण अधिक देखणा, कोणाची जोडी जास्त शोभते आणि कोणते गाणे चांगले यापाशीच अडकते. इतकी वर्षे या मालिका पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रेमकथेच्या रीमेकमध्ये सर्वांत आधी एकच गोष्ट पाहावी: त्या दोघांच्या आड नेमके काय येते आहे, आणि ते नव्या देशात, नव्या काळात तितकेच खरे वाटते आहे का. नावे, कपडे, शहर आणि ऋतू बदलणे अवघड नसते. आड येणारी गोष्ट मात्र त्या समाजाच्या इतिहासातून आणि घराघरांतल्या रीतीभातींतून आलेली असते. ती बोथट झाली की उत्तम नटसंच असूनही कथा सैल पडते.

'स्कार्लेट हार्ट' हे याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. थोंग हुआ या लेखिकेच्या कादंबरीवरून केलेली ही 35 भागांची मालिका 2011 मध्ये चीनच्या हुनान वाहिनीवर आली. आजच्या काळातली एक तरुणी अपघातानंतर छिंग राजवटीत, सम्राट कांगशीच्या कारकिर्दीत, रुओशी नावाच्या मुलीच्या देहात जागी होते, इथपर्यंतचा भाग तुम्हाला कोरियन मालिकेवरून ओळखीचा वाटेल. फरक असा की चिनी प्रेक्षकाला पहिल्या भागापासूनच पुढचे सगळे ठाऊक असते. कांगशीच्या मुलांमध्ये सिंहासनासाठी झालेला संघर्ष, युवराजाला दोनदा पदच्युत केले जाणे, 1722 मध्ये चौथ्या राजपुत्राने योंगझेंग या नावाने गादीवर येणे आणि त्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या आठव्या राजपुत्राचा 1726 मध्ये बंदिवासात झालेला मृत्यू, हे सारे तिथे शाळेच्या पुस्तकांतून आणि असंख्य मालिकांतून लोकांच्या मनात पक्के बसलेले आहे. सदाशिवरावभाऊ पानिपताकडे निघाले, एवढे वाचताच मराठी वाचकाच्या पोटात जसा खड्डा पडतो, तसाच तो रुओशी आठव्या राजपुत्राच्या प्रेमात पडते तेव्हा चिनी प्रेक्षकाच्या पोटात पडतो. आणि रुओशीलाही ते ठाऊक असते, कारण तिनेही हाच इतिहास शिकलेला असतो.

मालिकेची खरी ताकद या ठाऊक असण्यात आहे. रुओशी आठव्या राजपुत्राला विनवते की सिंहासनाचा नाद सोड. तो सोडू शकत नाही. निरोपाच्या वेळी ती त्याला वाचवण्यासाठी, चौथ्या राजपुत्रापासून आणि त्याच्या काही माणसांपासून सावध राहा, असे नावे घेऊन सांगते. त्या इशाऱ्यावर विसंबून तो चौथ्याच्या विरोधात डाव रचतो, त्याचा ठपका तेरावा राजपुत्र स्वतःवर घेतो आणि त्याला दीर्घ बंदिवास भोगावा लागतो. म्हणजे ज्या इतिहासाची रुओशीला भीती वाटत होती, तो घडवण्यात तिच्याच शब्दांचा हात असतो. हे तिला बऱ्याच उशिरा कळते, आणि तोवर ती चौथ्या राजपुत्रावर, म्हणजे भावी सम्राटावर, प्रेम करू लागलेली असते. इथे प्रेमाच्या आड सावत्र आई, गैरसमज किंवा दुसरी स्त्री येत नाही, तर नायिकेचे स्वतःचे ज्ञान येते. रुओशीची भूमिका करणाऱ्या लिऊ शिशीने हे ओझे बहुतांशी न बोलता, सम्राटाला चहा देणारी दासी म्हणून खाली मान घालून वावरताना दाखवले आहे. तिचे कपाट लावणे, पेले पुसणे, कोणाला कोणता चहा आवडतो ते ध्यानात ठेवणे या सगळ्यात वर्षे निघून जातात आणि तिच्या वागण्यातला मोकळेपणा हळूहळू आटत जातो.

आता 'मून लव्हर्स'कडे पाहू. कोरियन निर्मात्यांनी कथा कोरियातल्या गोर्यो राजवटीत, संस्थापक राजा वांग गनच्या दरबारात नेली आणि चौथ्या राजपुत्राच्या जागी वांग सो, म्हणजे 949 ते 975 या काळात राज्य करणारा राजा ग्वांगजोंग, याला ठेवले. निवड विचारपूर्वक केलेली होती, कारण तोही सत्तेसाठी रक्तपात करणारा आणि तरीही कर्तबगार राजा म्हणून ओळखला जातो. पण 'हे सू' नावाच्या नायिकेला या काळाचा इतिहास जेमतेमच माहीत असतो. वांग सो हाच पुढे ग्वांगजोंग होणार, हे तिला मध्येच उमगते आणि मग तिला भयाची स्वप्ने पडतात. त्यामुळे तिचे दुःख परिस्थितीने लादलेले राहते, तिने स्वतः ओढवून घेतलेले वाटत नाही. दोन्ही मालिकांत नायिका पावसात गुडघे टेकून बसते, हा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. मूळ मालिकेत ती बंदिवासात गेलेल्या तेराव्या राजपुत्रासाठी बसते, म्हणजे तिच्याच इशाऱ्यातून सुरू झालेल्या घटनांच्या परिणामासमोर बसते. कोरियन मालिकेत ती तिच्यावरचा आळ स्वतःवर घेणाऱ्या वडीलधाऱ्या दासीसाठी बसते. वांग सो येऊन आपला झगा तिच्यावर धरतो ते दृश्य अतिशय देखणे आहे आणि वांग सो झालेल्या ली जून-गीचा चेहरा त्या क्षणी विसरता येत नाही, परंतु त्या पावसामागची कारणसाखळी मूळ मालिकेइतकी लांबवर जात नाही.

याचे खापर कमी भागांवर फोडले जाते, पण ते मला पटत नाही. कोरियन मालिकेचे भाग 20 असले तरी प्रत्येक तासाभराचा आहे, आणि चिनी मालिकेचे 35 भाग पाऊण-पाऊण तासाचे आहेत. एकूण वेळेत सहा-एक तासांचाच फरक पडतो. खरी तफावत आहे ती तो वेळ कशावर खर्च झाला यात. एका बाबतीत मात्र रीमेकने मूळ गोष्ट फार चांगली जपली आहे. नायिकेचे अक्षर राजाच्या अक्षरासारखे झालेले असते, म्हणून तिचे शेवटचे पत्र चौदावा राजपुत्र लोकांना संशय येऊ नये यासाठी आपल्या हस्ताक्षरातल्या पाकिटात घालून पाठवतो, आणि धाकट्या भावाचे अक्षर पाहून राजा ते पाकीट उघडतच नाही. दोन्ही मालिकांत चौथा आणि चौदावा हे सख्खे भाऊ आहेत आणि दोन्हीकडे त्यांच्यातला दुरावा खरा वाटतो, म्हणून हा प्रसंग दोन्हीकडे तितकाच जिव्हारी लागतो.

याच्या नेमके उलटे उदाहरण 'मिस्टर क्वीन'चे आहे. त्या 2020 च्या कोरियन मालिकेचे मूळ 'गो प्रिन्सेस गो' ही 2015 ची अत्यंत कमी खर्चात केलेली चिनी वेबमालिका आहे, जी लोकप्रिय झाल्यावर जानेवारी 2016 मध्ये चीनमधल्या संकेतस्थळावरून काही काळ उतरवण्यात आली होती. आजच्या काळातला एक रंगेल पुरुष युवराज्ञीच्या देहात जागा होतो, ही कल्पना मूळ मालिकेत काल्पनिक राज्यात घडते, त्यामुळे राजकारण केवळ पार्श्वभूमीला राहते. कोरियन लेखकांनी ती कथा कोरियाच्या जोसन राजवटीतल्या राजा चोलजोंगच्या दरबारात ठेवली. हा राजा 1849 मध्ये गादीवर आला, त्याचे कुमारवय गांगह्वा बेटावर दारिद्र्यात गेले होते आणि प्रत्यक्ष सत्ता आंदोंगच्या किम घराण्याच्या हातात होती. राणी त्याच घराण्यातली. पतीने पत्नीवर विश्वास ठेवायचा म्हणजे शत्रूच्या मुलीवर विश्वास ठेवायचा, असा अडसर उभा राहिल्यामुळे विनोदी कल्पनेला वजन आले. राणीच्या भूमिकेतल्या शिन हे-सनचा अभिनय हे तर या मालिकेचे भूषणच आहे. मात्र दोन गोष्टी मला अजूनही खटकतात. जोसन राजवटीच्या बखरींना क्षुल्लक लेखणारा एक संवाद होता, ज्यावरून कोरियात रास्त संताप उसळला आणि निर्मात्यांना माफी मागून तो काढावा लागला. दुसरी गोष्ट शेवटाची: तो पुरुष आपल्या काळात परततो आणि राजाजवळ मूळची राणी उरते. मग राजाने इतके दिवस जिच्यावर जीव टाकला ती कोण होती, या प्रश्नाला मालिका सामोरीच जात नाही. मूळ चिनी मालिकेतला नायक स्त्रीदेहातच राहतो आणि त्या प्रेमाचा स्वीकार करतो. निर्मितीमूल्ये कितीही साधी असली तरी ते धैर्य चिनी मालिकेकडेच होते.

'मीटिऑर गार्डन' या मालिकेबद्दलही, ती मूळची चिनी असल्याचे धरून, तुम्ही ओघात लिहिले आहे. पण ती मूळची चिनी नव्हे. योको कामिओ यांच्या जपानी चित्रकथेवरून तैवानने 2001 मध्ये ती केली, 2002 मध्ये मुख्य भूमी चीनमध्ये तिचे प्रसारण थांबवण्यात आले, नंतर जपान आणि कोरियाने आपापल्या आवृत्त्या काढल्या, आणि 2018 मध्ये हुनान वाहिनीवर चिनी आवृत्ती आली, तीही तैवानच्या मालिकेच्याच निर्मात्या अँजी चाय यांची. बार्बी शू हिची 2001 मधली नायिका गरिबीमुळे अपमान गिळते आणि मग गिळायचे नाकारते. तिथे श्रीमंत मुलांची दांडगाई खरोखर भीतिदायक आहे, म्हणून तिचे उलटून उभे राहणे महत्त्वाचे ठरते. 2018 च्या आवृत्तीत ती मुले पत्त्यांतल्या ब्रिजमध्ये निष्णात असलेले हुशार विद्यार्थी आहेत आणि छळ सौम्य झाला आहे. हिंसेचे उदात्तीकरण टाळण्याचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु छळ सौम्य झाला तर वर्गभेदाची धार दुसऱ्या कशातून तरी यायला हवी होती, आणि ती आली नाही. त्यातल्या शेन युए आणि डिलन वांग या नायिका-नायकांचा टवटवीतपणा लोभस आहे, तरी पन्नासच्या आसपास भाग चालणाऱ्या कथेला तेवढा पुरत नाही. उलट थायलंडच्या 2021 च्या आवृत्तीने दांडगाईकडे थेट पाहिले, तिचे परिणाम दाखवले, आणि म्हणून जुनी कथा असूनही ती ताजी वाटली.

शाळकरी प्रेमाच्या मालिकांत अडसर फार बारीक असतो, म्हणून तिथे वेळेला महत्त्व येते. 'अ लव्ह सो ब्यूटिफुल' या 2017 च्या चिनी मालिकेत फारसे काहीच घडत नाही: शेजारी राहणारा अबोल हुशार मुलगा, त्याच्यावर उघडपणे जीव लावणारी मुलगी, परीक्षा, पोहण्यात तरबेज असलेला तिसरा मित्र. तेवीस-चोवीस भागांत हे सारे संथपणे चालते आणि त्या संथपणातच पाहणाऱ्याला त्या मित्रमंडळाचा लळा लागतो. कोरियन रीमेकचे भागही साधारण तेवढेच, पण प्रत्येक जेमतेम निम्म्या लांबीचा. त्यामुळे मुलाचा अबोलपणा उलगडायला जागा उरत नाही आणि तो केवळ तुसडा वाटतो.

कमी करणे नेहमी वाईटच असते, असा मात्र याचा अर्थ नाही. 'गो अहेड' या 2020 च्या चिनी मालिकेत दोन वडील आणि रक्ताचे नाते नसलेली तीन मुले एका घरासारखी राहतात. नूडल्सचे दुकान चालवणारे वडील रोज सगळ्यांना जेवायला बसवतात, ते पूर्वार्धातले भाग मी कोणालाही निःशंकपणे सुचवेन. उत्तरार्धात थोरल्या मुलाची आई त्याला अपराधीपणात अडकवून ठेवते, तो सिंगापूरला जातो, आणि ते ताण इतके लांबतात की जीव मेटाकुटीला येतो. 2024 च्या 'फॅमिली बाय चॉइस' या कोरियन रीमेकने हे सोळा भागांत आवरले आणि बरेचसे नेटके केले. भावंडांसारख्या वाढलेल्या दोघांत प्रेम व्हावे का, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे अवघडच राहतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांना तो खटकेल याची कल्पना असू द्यावी.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा सुचवते. 'स्कार्लेट हार्ट' आता लगेच पाहा. 'अ लव्ह सो ब्यूटिफुल'ची मूळ आवृत्तीच पाहा. 'मिस्टर क्वीन' आधी पाहून, शेवट खटकला तरच मूळ मालिकेकडे वळा. हिंदीत डब केलेली आवृत्ती मिळाली, तरी 'स्कार्लेट हार्ट' मूळ चिनी आवाजांत, उपशीर्षकांसह पाहणे बरे, कारण दरबारात कोण कोणाशी किती अंतर राखून बोलतो आहे हे आवाजाच्या चढउतारांतूनच कळते. सुरुवातीचे पाच-सहा भाग पात्रांच्या गर्दीमुळे जड जातील. सगळ्या राजपुत्रांची नावे पाठ करण्याच्या फंदात पडू नका. चौथा, आठवा, तेरावा आणि चौदावा हे चार ओळखू आले की पुढचे आपोआप लागत जाते. दहावा राजपुत्रही ध्यानात ठेवता आला तर ठेवा, कारण पहिल्या काही भागांतले सर्वांत निखळ हसू त्याच्या वाट्याला आले आहे.