सिस्टरला सुतक नसतं

"मॅडम, मी या कामाला नालायक आहे का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. विचारणाऱ्या बहुतेक सिस्टर असतात. कधी ब्रदर, कधी फिजिओथेरपीवाली मुलगी, एकदा एक आशाताई, एकदा विशेष मुलांच्या शाळेतले सर. शब्द इकडेतिकडे होतात, तक्रार तीच. पेशंटमध्ये जीव गुंततो, घरी आलं तरी माणूस डोक्यातून जात नाही, आणि सीनियर म्हणतात हे बरं नव्हे.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. सुवर्णा हे तिचं खरं नाव नाही, बाकी ओळखीच्या खुणाही बदलल्यात. तंबोऱ्याचा भाग मात्र तिच्या आणि त्या घरच्यांच्या परवानगीने तसाच ठेवलाय, कारण तो काढला तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. १८९४ साली वॉनलेस साहेबांनी इथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतलं आणि कर्नाटकातलं दुखणं या स्टेशनावर उतरतं. अशाच एका खासगी दवाखान्यात सुवर्णा वॉर्डला होती. जत तालुक्यातली, जी.एन.एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा होऊन आठ वर्षं झालेली, चार वर्षांची मुलगी, नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. "इन्चार्ज सिस्टरनी पाठवलंय," म्हणाली, शाळेत मुख्याध्यापकांकडे पाठवल्यासारखं.

झालं होतं असं की इंजेक्शन भरताना तिचा हात मध्येच थांबला आणि सिरिंजमध्ये काय भरलंय तेच आठवेना. तिने ती टाकून दिली, नवीन भरली. पेशंटला काही झालं नाही. पण इन्चार्जनी पाहिलं होतं.

"हात कधी थांबतो?"

"मशीनचा आवाज आला की."

मी लगेच मनात 'घबराट' असं लिहून टाकलं आणि तिला श्वासाचा व्यायाम शिकवला. तिने दोन आठवडे इमानेइतबारे केला. फरक शून्य. चूक माझी होती. आवाज ऐकून काय होतं ते मी विचारलं, आवाज कुणाचा वाटतो ते विचारलंच नाही. तिसऱ्या भेटीत विचारलं, तेव्हा चाचा आले.

चाचा सत्तरीतले. सगळं आयुष्य सतारमेकर गल्लीत, तंबोरे करण्यात गेलेलं. घशाचा कॅन्सर, गळ्याला ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे छिद्र पाडून श्वासासाठी बसवलेली नळी, त्यामुळे आवाज बंद. नाकात आर.टी., म्हणजे पोटात पातळ अन्न सोडायची नळी. उशाशी शंभर पानी वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पहिल्याच रात्री त्यांनी सुवर्णाला खुणेने बोलावलं आणि वहीत लिहिलं, "हे मशीन काळी दोनच्या जरा खाली वाजतंय."

काळी दोन म्हणजे पेटीवरची एक पट्टी, एक सूर. तिला वाटलं, औषधाचा परिणाम. तिने उशी नीट केली आणि पुढे गेली.

तिसऱ्या की चौथ्या रात्री चाचांनी पेन्सिलीने खाटेच्या दांडीवर टकटक केलं आणि पंजा खाली खाली नेऊन दाखवला. उतरलं. तिने मॉनिटरकडे पाहिलं तर ऑक्सिजन ९१. नळीत कफ अडकला होता. सक्शन केलं, म्हणजे कफ मशीनने ओढून काढला, आकडा चढला, आणि चाचांनी पंजा वर नेला. पल्स ऑक्सिमीटरची रचनाच तशी असते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्याच्या टिकटिकीचा सूरही उतरतो, म्हणजे डॉक्टरची पाठ असली तरी कानाला कळावं. सुवर्णाला हे कधीतरी कुणीतरी सांगितलं असणार. पण वॉर्डच्या गलक्यात कोण सूर ऐकतंय? सगळे आकडे बघतात. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने तो आवाज ऐकला, तोही एका मुक्या माणसाकडून.

मग रात्री दोनचा राऊंड झाला की दहा-पंधरा मिनिटं वहीची शाळा भरायची. भोपळा कसा निवडायचा, तुणीचं लाकूड किती मुरवायचं, घोडी कशी घासायची. जवारीचं त्यांनी सगळ्यात सावकाश समजावलं. तार घोडीवर टेकते तिथे खालून एक सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार अशी बोलायला लागते की तिच्यातून बाकीचे सूर निघतात. सुवर्णाने तंबोरा जवळून पाहिलाही नव्हता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर चाचांनी लिहिलं होतं, "कागद आला. शिकणारी पोरं कुठायत?" मला वाटतं रात्री दोन वाजता त्यांना एक पोर मिळाली होती.

पाच आठवडे. चाचा गेले तो सुवर्णाचा वीकली ऑफ होता. सोमवारी रात्री ती ओव्हर घ्यायला, म्हणजे आधीच्या पाळीकडून एकेका पेशंटची माहिती घ्यायला, उभी राहिली. दिवसपाळीची सिस्टर भराभर वाचत होती, "बेड सात, न्यू अॅडमिशन, हर्निया, उद्या सकाळी पोस्टेड."

"सातचे चाचा?"

"काल दुपारी एक्स्पायर झाले. बेड आठ, ताप उतरलाय..."

त्या रात्री तिने ड्यूटी केली. सकाळी घरी येऊन, कुणाला काही न सांगता, डोक्यावरून गार पाणी घेतलं. नवऱ्याने विचारलं, "कोण गेलं?" ती म्हणाली, "कुणी नाही."

हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. मग स्वतःच म्हणाली, "मला कसलं आलंय सुतक, मॅडम. तेही मुसलमान माणूस. इन्चार्ज म्हणतात, पेशंटमध्ये जीव अडकवायचा नसतो, आज हा, उद्या दुसरा."

ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणूनच मोजत नाहीत, त्याला शोकाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या केनेथ डोकांनी १९८९ मध्ये पुस्तकात एक नाव दिलं, 'डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ'. त्याला मराठीत नेमका शब्द मला सापडलेला नाही. सुवर्णाने वापरला तोच चांगला, सुतक. आपल्याकडे रक्ताच्या नात्याला दहा दिवस मिळतात, शेजाऱ्याला निदान अंत्ययात्रा. पाच आठवडे ज्याचा श्वास मोकळा केला त्या माणसासाठी सिस्टरला काय मिळतं? पुढचा बेड.

'जीव अडकवू नको' हा सल्ला मला पटत नाही. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांनी तो स्वतः सोसून मिळवलेला असतो. पण इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी १९६० साली लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नर्सेसबद्दल लिहिलं, ते वाचल्यापासून माझं मत पक्कं झालं. तिथे कामाचे तुकडे केलेले असत. एका नर्सने एका माणसाचं सगळं करायचं नाही, पुष्कळांचं थोडं थोडं करायचं. पेशंटला नावाने नाही, 'दहा नंबरचं लिव्हर' असं म्हणायचं. हे सगळं नर्सला त्रास होऊ नये म्हणून. त्रास मात्र कमी झाला नव्हता, आणि शिकाऊ मुली सोडून जात होत्या. सुवर्णाला मी हे सांगितलं तेव्हा तिने नाक पुसलं आणि विचारलं, "म्हणजे लंडनलापण बेड सातच?"

दुसरी गोष्ट सांगताना मी जरा बिचकत होते, कारण थोरामोठ्यांचे दाखले समुपदेशनात उलटतात. सिसिली साँडर्स लंडनमध्ये रुग्णालयात सामाजिक कार्यकर्ती होत्या. पोलंडहून आलेला डेव्हिड तास्मा नावाचा एक ज्यू वेटर कॅन्सरने मरायला टेकला होता. जवळचं कुणी नाही. मरताना माणसाला काय हवं असतं यावर दोघं बोलत राहिली. १९४८ मध्ये तो गेला, जाताना पाचशे पौंड ठेवून, तुमच्या घरातली एक खिडकी माझी म्हणून. पुढे साँडर्स डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये त्यांचं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या माणसांची काळजी घेणारं घर, उघडलं. एकोणीस वर्षं ती खिडकी मनात घेऊन ही बाई काम करत होती.

सुवर्णा म्हणाली, "माझ्याकडे कुठले पाचशे पौंड?" उलटला दाखला. चला.

आता ज्या भागात मी तिची बाजू घेतली नाही, तो. मी विचारलं, "त्या पंधरा मिनिटांत बेड नऊ काय करत होता?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली की नऊच्या आजींनी एकदा बेल वाजवली होती, ती वहीत बघत होती, आजींची चादर ओली झाली. आजी काही बोलल्या नाहीत. शिवाय तिने सक्शनचे कॅथेटर दोनदा स्वतःच्या पैशाने आणले होते, घरच्यांना न सांगता. आणि चाचांच्या मुलाला स्वतःचा मोबाईल नंबर दिला होता; तो दिवसा झोपायच्या वेळेला फोन करायचा. मला विचाराल तर गुंतण्याचं मोजमाप इथे करावं. चाचांवर किती माया होती हे मोजता येत नाही आणि मोजूही नये. पण नऊची चादर, घरातली झोप आणि पाकिटातले पैसे मोजता येतात. सुवर्णाला हे लागलं, पण त्यात एक गंमत झाली. तोवर ती 'मी नालायक' म्हणत होती. आता म्हणाली, "आजींना सॉरी म्हणायला हवं होतं." नालायकीवर उपाय नसतो. चादरीवर असतो.

राहिला निरोप. तो तिने घेतलाच नव्हता. मी म्हटलं, "मला चाचांची ओव्हर दे."

"म्हणजे?"

"मी दिवसपाळीची सिस्टर. तू जातेयस. दे ओव्हर."

ती आधी हसली. मग उठून उभी राहिली, सवयीने. ओव्हर बसून देत नाहीत. "बेड सात..." थांबली. "चाचा. ट्रॅकिओस्टॉमी केअर झाली, इनर ट्यूब धुतली. सक्शन रात्रीतून चार वेळा. आर.टी. फीड दोनशे, सहन झालं. पाठ बघितली, लाली आहे, कूस बदलत राहा. पेन किलर दोन वाजता." श्वास घेतला. "झोपले नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय लाईट बंद करू नका, लिहायचं असतं. पेन्सिलीला टोक करून ठेवलंय. मशीन उतरलं की ते सांगतात, लक्ष असू द्या." मग आवाज गेला, आणि ती बराच वेळ उभीच राहिली. मीही उठले, कारण बसून राहणं बरं दिसेना.

(माझंही सांगते. सांगलीत माझ्या एक वरिष्ठ बाई आहेत, महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जाऊन बोलते. त्या महिन्यात मी चाचांबद्दलच बोलले, ज्यांना मी पाहिलंही नव्हतं.)

चाळीसाव्याला चाचांच्या मुलाने तिला बोलावलं, तेव्हा ती मला विचारायला आली. मी म्हटलं, बोलावलंय तर जा, नवऱ्याला घेऊन जा. गेली. मुलाने वही दाखवली. शेवटच्या पानांवर तिचं नाव होतं, स्पेलिंग चुकवून. अर्धवट तंबोऱ्यावर त्याने तिला दोरा सरकवून पाहू दिला. "मॅडम, मला नाही जमलं," ती म्हणाली, "पण कुठे जमत नाहीये ते ऐकू आलं."

सगळ्यांचं असं सुटत नाही. दीड-दोन महिन्यांनंतरही झोप येत नसेल, औषधं देताना चुका होत असतील, किंवा उलट, कुणी गेलं तरी आत काहीच हलेनासं झालं असेल, तर ओव्हरने भागत नाही, मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. जगणंच नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मराठीतही बोलतो.

सुवर्णा शेवटची आली तेव्हा खुर्चीत मागे टेकून बसली होती. चाचांसारखं गेलेल्या प्रत्येकाचं नाव ओव्हरमध्ये एकदा घ्यावं, असं तिने इन्चार्जना सुचवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, हे काय नवीन. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, घ्या, पण लांबण लावू नका.

"आणि हात?"

"थांबतो अजून कधीकधी. परवा पाठ करून औषध काढत होते, आवाज उतरला. वळले तर ८८! धावले. बेड सातला डेंग्यूचं पोरगं आहे, रात्रभर मोबाईलवर गेम. खेळता यावं म्हणून बोटाचा प्रोब अर्धा काढून ठेवलेला."

"मग?"

"मग काय. प्रोब नीट लावला, गेमचा आवाज बारीक करायला लावला. म्हटलं, मला मशीन ऐकू येत नाही."