आधी खाडीवर जा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एलएलएम करू, फर्म धरू की एखाद्या संस्थेत जाऊ, असं विचारतेस. पण ऐरोलीच्या खाडीकाठच्या ज्या तिवरांपायी, म्हणजे खारफुटीपायी, हे सगळं डोक्यात आलं, तिथे तू कधी गेलीस, याचा पत्रात एक शब्द नाही. खरं सांगू, राग आला.

आधी खाडीवर जा.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा खारफुटीचा निकाल तुला पाठ आहे. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हेही लिहिलंस. चांगलंच आहे. पण तिवरं मारायला कुऱ्हाड लागत नाही गं. रस्त्याखालच्या मोरीत राडारोडा कोंबला की भरतीचं पाणी आत शिरत नाही. झाडं उभ्याउभ्या वाळतात आणि तीच जागा मग कागदावर कोरडी जमीन होते. अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला, उधाणाच्या वेळी, मोरीपाशी उभी राहा. एका अंगाला पाणी रस्त्याला टेकलेलं, दुसऱ्या अंगाला भेगाळलेला चिखल. तारखेसकट काढलेला तो एक फोटो माझ्या पन्नास पानी अर्जांपेक्षा भारी.

मी हे उशिरा शिकलो. एका कोळीवाड्याचं भरावाचं प्रकरण हाती आलं, आणि मी माहिती अधिकारातली उत्तरं येईपर्यंत ऑफिसातच बसून राहिलो. हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाकडे, त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली जायचं तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर फार तर साठ दिवस. मी मुदत मोजली ती तक्रारीच्या तारखेपासून. डंपर शिमग्याच्या आधीपासून येत होते. अर्ज मुदतीबाहेर गेला. बाहेर आल्यावर एक म्हातारी कोळीण एवढंच म्हणाली, की आम्हाला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. अजून झोपेत ऐकू येतं ते.

म्हणून म्हणतो, जा. निवट्या, ते चिखलातले मासे, कुठे मिळायच्या, कधीपासून मिळेनाशा झाल्या, ते बायकांना विचार. तारीख त्यांना सणावारांवरून आठवते. ती लिहून घे, प्रतिज्ञापत्र त्यातूनच उभं राहतं.

पोटासाठी भाडेकरार कर, चेक बाउन्सच्या केसेस घे. त्यात कमीपणा नाही, मीही तेच करत आलो. माझ्या बरोबरीचे हायकोर्टात नाव काढून बसले. मी ठाणे कोर्टात राहिलो, रविवार चिखलात घालवले, आणि घरच्यांनी त्याची किंमत मोजली. पण नाइलाज म्हणून राहिलो नाही. खाडीपासून तासाभराच्या आत असलेला वकील त्या लोकांना हवा होता, आणि एकदा मी त्यांना उशीर केला होता. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, घरीही.

फर्मचं उत्तर महिनाभर थांबेल. येत्या अमावास्येला अकरा वाजता ऐरोलीला ये. जुने बूट घाल, मोबाइलचं लोकेशन चालू ठेव, आणि वही आण.

तुझे सर