फिलर "बसेल" म्हणून वाट पाहण्याआधी त्याची नोंद हाती घ्या

तुमची हकीकत वाचली. डोळ्यांखालची खाच भरण्यासाठी फिलर (त्वचेखाली टोचून भर देणारे द्रव्य) घेतले, त्याच बैठकीत कपाळावर बोटॉक्सही (स्नायू सैल करून सुरकुत्या कमी करणारे इंजेक्शन) झाले, आता सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली निळसर, फुगीर पट्टी दिसते, भुवया जड वाटतात, आणि क्लिनिकला विचारले तर "हळूहळू बसेल" असे सांगून वर गालात आणखी एक सिरिंज घेतल्यास चेहऱ्याचा समतोल साधेल असे सुचवले जाते, हे सगळे मी जवळजवळ याच क्रमाने भोगलेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. छायाचित्रावरून निदान करणे मला जमत नाही आणि ते जमते असे सांगणाऱ्या कोणावरही तुम्ही विसंबू नये.

बर्फ, उंच उशी, मीठ कमी करणे या गोष्टी तुम्ही एव्हाना करून पाहिल्या असतीलच, त्यामुळे त्यांत शिरत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. फिलरनंतर त्वचा पांढरी पडणे, जाळीदार निळे-जांभळे डाग उमटणे, वाढत जाणारी तीव्र वेदना होणे किंवा दृष्टीत कोणताही फरक पडणे ही रक्तवाहिनी बंद झाल्याची लक्षणे असू शकतात आणि त्यात तासांचा हिशेब असतो. तसे काही असेल तर हे वाचत बसू नका, तातडीच्या उपचारासाठी निघा. तुमच्या वर्णनात त्यातले काही दिसत नाही, म्हणूनच पुढचे लिहिते आहे.

माझे ठाम मत असे की सूज, रंग, भुवया, पैसे या कशाहीबद्दल वाद घालण्याआधी तुम्ही क्लिनिककडून एकच गोष्ट लेखी मागावी : तुमच्या चेहऱ्यात नेमके कोणते द्रव्य, कोणत्या उत्पादनाचे, किती मिलिलिटर आणि कोणत्या जागी घातले, त्याचा लॉट क्रमांक (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) काय, आणि बोटॉक्स म्हणून जे दिले ते कोणते उत्पादन व त्याची किती युनिट्स. बहुतेक नामांकित फिलरच्या खोक्यात सिरिंजबरोबर लॉट क्रमांक छापलेले, सोलून काढता येणारे छोटे स्टिकर येतात. एक तुमच्या नोंदीत चिकटवावा आणि एक तुम्हाला द्यावा यासाठीच ते असतात. त्यामुळे "आमच्याकडे एवढा तपशील ठेवत नाहीत" हे उत्तर ऐकू आले तर ते अडचणीचे नव्हे, अनास्थेचे उत्तर आहे असे समजावे.

माझे सर्वांत जास्त नुकसान इथेच झाले. सुईने जे बिघडले त्यापेक्षा नोंदीसाठी जो वेळ गेला त्याने मला अधिक छळले. आधी स्वागतकक्षातून सांगण्यात आले की फाइल डॉक्टरांकडे आहे. मग डॉक्टर परगावी आहेत. मग ज्यांनी इंजेक्शन दिले ते आता तिथे काम करत नाहीत. लेखी विनंतीला जे उत्तर आले त्यात उत्पादन "आंतरराष्ट्रीय दर्जाचे आणि प्रमाणित" असल्याची ग्वाही होती, पण त्याचे नाव नव्हते. बऱ्याच पाठपुराव्यानंतर माझ्या संमतीपत्राची प्रत हाती आली. तिच्यावर माझी सही ठळक, तारीख नीट आणि "उत्पादन / लॉट क्रमांक / प्रमाण" या तिन्ही रकान्यांत एक तिरपी रेघ मारलेली. माझ्याकडून गुंतागुंतीची जबाबदारी लिहून घेताना ज्यांचा एकही रकाना सुटला नव्हता, त्यांनी आपल्या वाट्याचे तेवढे रकाने मोकळे सोडले होते. या कागदाचा राग मला अजूनही येतो.

हा तपशील इतका महत्त्वाचा का, ते सांगते. फिलर या एकाच नावाखाली वेगवेगळी द्रव्ये विकली जातात. हायल्युरोनिक ॲसिडचे जेल असेल तर हायल्युरोनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) टोचून ते विरघळवता येते. कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड असेल तर त्यावर या विकराचा उपयोग होत नाही, आणि तिथे मार्ग वेगळे व बरेच कठीण असतात. शिवाय हायल्युरोनिक ॲसिडमध्येही काही जेल इतकी घट्ट बांधणीची असतात की ती विरघळायला विकर अधिक लागते. म्हणूनच मी ज्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी, कोणते द्रव्य आहे हे कळल्याशिवाय सुई हातात घेणार नाही, असे सांगितले. त्या दिवशी मला ते अडवणुकीचे वाटले. आज त्यांच्या जागी मीही तेच सांगितले असते.

नोंद मिळालीच नाही तर एक वाट आहे, आणि ती पुरेशा लोकांना माहीत नसते. उच्च वारंवारतेच्या प्रोबने चेहऱ्याची सोनोग्राफी करता येते. हायल्युरोनिक ॲसिडचे साठे पडद्यावर साधारणपणे काळ्या पोकळ्यांसारखे दिसतात, तर कॅल्शियमयुक्त फिलर पांढरे, चमकदार दिसते आणि त्याच्यामागे सावली पडते. माझ्या बाबतीत प्रश्न असाच सुटला. एक काळी, लांबट पोकळी डोळ्याखालच्या हाडाच्या कडेला आणि दुसरी त्याहून बरीच वर, त्वचेला लागून. जिथे मला निळसर पट्टी दिसत होती नेमकी तिथेच. मात्र ही तपासणी चेहऱ्यातील फिलर पाहण्याची सवय असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावी. पोटाची सोनोग्राफी उत्तम करणाऱ्याला हे जमेलच असे नाही.

आता "हळूहळू बसेल" याविषयी. पहिल्या दोन आठवड्यांत सुईची सूज आणि काळेनिळेपणा उतरतो, तेवढ्यापुरता हा सल्ला रास्त आहे. पण तुम्ही लिहिलेला प्रकार त्यापुढचा आहे. हायल्युरोनिक ॲसिड पाणी धरून ठेवते, हाच त्याचा गुण. आणि डोळ्याखालच्या भागातून लसिकेचा (ऊतींमधल्या द्रवाचा, म्हणजे लिम्फचा) निचरा मुळातच नाजूक असल्याने तिथे तोच दोष ठरतो. रात्रभर आडवे झोपल्यावर, रडल्यावर, ॲलर्जीच्या दिवसांत किंवा पाळीच्या आधी पट्टी फुगते आणि संध्याकाळपर्यंत थोडी उतरते, असे होत असेल तर ते साचलेले पाणी आहे. निळसर छटा ही वेगळी बाब : खालच्या पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक असते आणि पारदर्शक जेल तिच्या अगदी खाली राहिले तर प्रकाश विखुरून ते निळसर दिसते. त्याला टिंडॉल परिणाम म्हणतात. तो काळेनिळेपणा नसल्यामुळे पिवळा पडून जात नाही. आणि वर्षभरात सगळे आपोआप विरून जाईल या भरवशावरही राहू नये, कारण डोळ्यांखाली अनेक वर्षांपूर्वी घातलेले फिलर एमआरआयमध्ये सापडल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

म्हणूनच गालातली ती "समतोल साधणारी" सिरिंज, फुकट देऊ केली तरी, माझ्या मते घेऊ नये. जिथे आधीच भर जास्त झाली आहे तिथे शेजारी आणखी भर घालणे म्हणजे भिंतीची ओल झाकायला तिच्यावर रंग मारणे. त्यात व्यवहाराचीही बाजू आहे : नवे द्रव्य घातल्यावर आधीचे काय, किती आणि कुठे होते हा हिशेब कायमचा गढूळ होतो. काही कुशल डॉक्टर गालाला आधार देऊन डोळ्याखालची खाच खरोखर सुधारतात हे मला मान्य आहे. पण ते काम मुळात डोळ्याखाली सुई लावण्याआधी करायचे असते, बिघडल्यावर नव्हे.

छायाचित्रांबद्दल थोडे विषयांतर करते, कारण याच मुद्द्यावर माझे तोंड बंद करण्यात आले होते. डोळ्यांखालची खाच हा बराचसा सावलीचा खेळ असतो. क्लिनिकमध्ये समोरून गोल दिवा लावून काढलेल्या छायाचित्रात ती सावलीच पुसली जाते आणि "पाहा, किती सुधारणा आहे" असे म्हणायला जागा मिळते. तुम्ही स्वतः रोज एकाच खिडकीशेजारी, उजेड एका बाजूने येईल असे उभे राहून, सकाळी उठताच आणि संध्याकाळी, सरळ पाहताना, वर पाहताना व हसताना छायाचित्रे काढावीत आणि सौंदर्यवर्धक फिल्टर बंद आहे याची खात्री करावी. दुसऱ्या डॉक्टरांना माझ्या तोंडी वर्णनापेक्षा या छायाचित्रांनी अधिक सांगितले.

भुवयांचा जडपणा मात्र या सगळ्यापासून वेगळा ठेवा. दोन्ही इंजेक्शने एकाच दिवशी झाली म्हणून दोन्ही तक्रारी एक होत नाहीत. बोटॉक्सचा परिणाम काही दिवसांनी सुरू होतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण 3 ते 4 महिन्यांत ओसरतो. त्याला फिलरसारखे विरघळवणारे औषध नाही. कपाळाचा स्नायू हा भुवई वर उचलणारा एकमेव स्नायू असल्याने तो जास्त सैल पडला की भुवई खाली येते, डोळ्यांवर ओझे जाणवते आणि खालची सूज आहे त्याहून जास्त दिसते. वरची पापणीच खाली आली असेल तर तो वेगळा प्रकार आहे. त्यात ॲप्राक्लोनिडिनसारख्या थेंबांनी पापणी एखाद-दोन मिलिमीटर उचलता येते, पण ते नेत्रतज्ज्ञांनी तपासून दिले तरच घ्यावेत. खुद्द बोटॉक्सला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) 1989 मध्ये पहिली मान्यता दिली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकुंचनासाठी होती, सुरकुत्यांसाठीची 2002 मध्ये आली. म्हणजे नेत्रतज्ज्ञांचा बोटॉक्सशी परिचय सौंदर्य क्लिनिकांपेक्षा जुना आहे. इथेही नोंदीचा मुद्दा सुटत नाही. बोटॉक्सचे 20 युनिट्स आणि डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या उत्पादनाचे 20 युनिट्स म्हणजे एकच मात्रा नव्हे, त्यांचे माप परस्परांत बदलत नाही. नुसते "वीस युनिट्स दिले" हे उत्तर त्यामुळे अपुरे आहे.

विरघळवण्याचा निर्णय घेतलात तर काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. ते काम नेत्रप्लास्टिक शल्यविशारदाकडून (पापण्या व डोळ्यांभोवतीच्या भागाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडून), किंवा या नेमक्या जागेवर काम करण्याचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडून करून घ्यावे. हायल्युरोनिडेजची ॲलर्जी होऊ शकते, आणि मधमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असेल तर ते न विचारताही सांगावे. टोचल्यानंतर एक-दोन दिवस सूज उलट वाढलेली दिसू शकते. बहुतेक परिणाम पहिल्या दोन दिवसांत होतो, तरी एका बैठकीत सगळे जातेच असे नाही. मूळ खाच परत दिसते, आणि मधल्या काळात भरलेल्या चेहऱ्याची सवय झाल्यामुळे ती पूर्वीपेक्षा खोल वाटते. शरीरातले नैसर्गिक हायल्युरोनिक ॲसिडही नष्ट होईल अशी भीती मला वाटत होती. ते काही प्रमाणात कमी होते, पण शरीर ते सतत नव्याने बनवत असते. लगेच पुन्हा भरून घेण्याची घाई करू नये, किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. माझे विचाराल तर, ज्यांच्या डोळ्यांखाली मुळात चरबीची पिशवी पुढे आलेली आहे त्यांनी तिथे फिलर घेऊच नये. पण हे मत आहे, नियम नव्हे, आणि चेहऱ्याला हात लावून पाहणाऱ्याचे मत माझ्यापेक्षा वरचे.

हे विकर ऑनलाइन मागवून घरी टोचण्याचे सल्लेही तुम्हाला मिळतील. त्यांना उत्तरही देऊ नये. जोरात मसाज करून किंवा उष्णता देणारी घरगुती उपकरणे वापरून फिलर "वितळवण्याच्या" फंदातही पडू नये. तोवर लोकांसमोर जाणे भाग असेल तर निळसर छटेवर फिकट नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ थर उपयोगी पडतो. फुगवट्यावर मात्र चमक असलेले कोणतेही प्रसाधन लावू नका, तो अधिक उठून दिसतो.

पैशांबद्दल शेवटी लिहिते, कारण क्लिनिक तो विषय सर्वांत आधी काढण्याची शक्यता आहे. काही रक्कम परत देण्याची तयारी दाखवताना तुमच्यापुढे एक कागद ठेवला जाऊ शकतो आणि त्यात यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही, अनुभव कोठेही सांगणार नाही, अशी वाक्ये असू शकतात. तो कागद तिथे बसून सही करण्यासाठी नसतो. घरी आणावा, शक्य असल्यास कायद्याच्या जाणकाराला दाखवावा. आणि परताव्याची बोलणी सुरू करण्याआधी उत्पादनाचे नाव, लॉट क्रमांक व प्रमाण लेखी मिळवावे, कारण एकदा तुमची सही झाली की ती नोंद शोधून देण्यात त्यांना काडीचाही रस उरत नाही.