पिसवा शेळीवर थोड्या, गोठ्याच्या जमिनीत जास्त

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यांनी विचारलंय: "शेळ्या विकून गोठा दीड महिना बंद ठेवला. नवीन करडं आणायची म्हणून परवा दार उघडलं, तर पाऊल टाकताच पिंढऱ्यांवर पिसवा चढल्या. इतके दिवस रक्ताविना त्या जगल्या कशा? पिसूचं आयुष्य तरी किती?"

तुमच्या पायावर चढलेल्या पिसवा दीड महिना उपाशी बसलेल्या नव्हत्या. पिसूची अळी स्वतःभोवती कोष विणते, त्या कोषात त्या तयार होऊन थांबल्या होत्या. तुमच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासाची चाहूल लागली तशा काही क्षणांत बाहेर पडल्या. कोषात त्या काही महिनेसुद्धा अशा थांबू शकतात. गोठा नुसता बंद ठेवून भागत नाही ते यामुळेच.

कानडीत पिसूला चिगट म्हणतात, औषधाच्या दुकानात तोच शब्द लवकर कळतो. तिची मादी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या 15 पट रक्त पिऊ शकते. पचतं त्यापेक्षा जास्त पीत असल्यानं बरंचसं रक्त काळ्या कणांच्या विष्ठेतून तसंच खाली पडतं. शेळीच्या पाठीवरचे हे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर झाडून बघा. साधी माती असेल तर डाग मातकटच राहतो, पिसूची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस रंग पसरतो. हेच वाळलेलं रक्त तिच्या अळ्यांचं अन्न. आई वर जनावराला चावते आणि पोरांची शिदोरी खाली टाकते. अळी स्वतः कुणाला चावत नाही. ती उजेडाला भिते आणि भेगांत, लेंड्यांच्या भुशात, गव्हाणीखाली दडून राहते.

पहिलं रक्त प्याल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालायला लागते, रोज 40-50 पर्यंत. ती केसांना चिकटत नाहीत, जनावर बसतं तिथं गळतात. हवामान मानवलं तर अंड्यापासून पिसू व्हायला 3 ते 4 आठवडे लागतात. जनावरानं चाटून-खाजवून काढली नाही तर अंगावर ती 100 दिवसही जगते. रक्ताची चटक लागलेली पिसू अंगावरून वेगळी झाली की मात्र थोड्याच दिवसांत मरते.

अळीला ओल लागते. अथणीकडच्या कोरड्या उन्हात उघड्या अंगणातली अळी वाळून जाते. खानापूर-कणकुंबीच्या पावसाळी हवेत मातीचा गोठा ओलसरच राहतो, म्हणून तुमच्याकडं काम चिकाटीनं करावं लागणार.

आधी जमीन धरा. कोपरे आणि गव्हाणीखालचा दोन बोटं मातीचा थर खरवडून लांब खड्ड्यात पुरा, भिंतीच्या भेगा लिंपा, दारं-खिडक्या उघडून गोठा खडखडीत वाळवा. मग पशुवैद्यांनी सांगितलेलं औषध त्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच फवारा. औषध कोषाच्या आत पोचत नाही, त्यामुळं पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. मधल्या काळात रोज एकदा गोठ्यात फिरत जा, म्हणजे कोषातल्या पिसवा बाहेर येतील आणि औषधाच्या तावडीत सापडतील. कुत्र्या-मांजरांचाही इलाज त्याच दिवशी करा, पण पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला विषारी असतं, ते तिला लावू नका. आणि हात जोडून सांगतो, उसावर-सोयाबीनवर मारायचं औषध जनावराच्या अंगाला अजिबात लावू नका.

निपाणी भागातून विचारणा आहे, पिसवांनी करडं दगावतात का? हो, लहान करडू रक्त कमी होऊन दगावू शकतं. खालची पापणी हलकेच ओढा. आतला भाग लालसर न दिसता पांढुरका दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. पोटातल्या जंतांनीही पापणी अशीच पांढरी पडते, तेव्हा अंदाजानं औषध पाजू नका.

एकीनं विचारलंय, पिसवा घरात शिरल्या तर प्लेग होईल का? 1896 साली मुंबईत सुरू झालेली साथ उंदरांवरच्या पिसवांनी पसरवली होती. शेळ्या-कुत्र्यांवर सहसा आढळणारी पिसू त्या जातीची नाही, घाबरू नका. घराभोवती उंदीर पटापट मरून पडू लागले तर मात्र त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

खानापूरच्या बंधूंनी करडं आणायच्या आदल्या दिवशी पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून गोठ्यात पाच मिनिटं फिरावं. मोज्यावर काळे ठिपके उड्या मारताना दिसले तर आणखी पंधरा दिवस करडं आणू नका.